कोंडा, कनकी आणि पांढरा भात

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, जिथे गोंदिया जिल्ह्याची हद्द एका अंगाने मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्याला आणि दुसऱ्या अंगाने छत्तीसगडला भिडते, तिथे सालेकसा तालुका वसलेला आहे. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूरहून पूर्वेकडे जाताना गोंदिया आणि आमगाव मागे पडले की सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके लागतात आणि त्यापुढचा डोंगराळ टप्पा ओलांडून गाडी डोंगरगडच्या दिशेने छत्तीसगडात शिरते. हाजरा फॉल हा धबधबा आणि माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते ते कचारगड, या दोन ठिकाणांमुळे हा तालुका बाहेरच्यांना ऐकून तरी माहीत असतो. पण इथल्या घरांचे वर्षभराचे गणित बसते ते धानावर. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्या पिकाला भात म्हणतात त्यालाच भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या या झाडीपट्टीत धान म्हणतात. सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा पाऊस, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि उतारावर टप्प्याटप्प्याने पाडलेल्या बांध्या, म्हणजे चहूबाजूंनी मातीचे धुरे घातलेली लहान लहान शेते, यांमुळे खरिपात इथे दुसऱ्या पिकाला फारशी जागा उरत नाही.

तांदूळ हे जगातील निम्म्याहून अधिक लोकसंख्येचे मुख्य अन्न आहे आणि तरीही त्याच्या पौष्टिकतेविषयी दोन टोकांची मते कायम ऐकू येतात: एक मत त्याला निव्वळ पिठूळ, साखर वाढवणारे आणि सत्त्वहीन ठरवते, तर दुसरे त्याला पूर्णान्नाच्या पंक्तीला नेऊन बसवते. दोन्ही मतांमध्ये एक गोष्ट सुटलेली असते. शेतातून निघालेल्या दाण्यावरचे गिरणीत किती काढून टाकले आणि शिजल्यावर ताटात त्याच्या शेजारी काय वाढले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तांदूळ पौष्टिक आहे की नाही हे सांगताच येत नाही. सालेकसा तालुक्यासारख्या ठिकाणी पेरणीपासून पानात वाढण्यापर्यंतचे सगळे टप्पे काही मैलांच्या परिघात घडतात, म्हणून या प्रश्नांचा मागोवा तिथे नीट घेता येतो.

धानाला पाणी आवडते म्हणून ते पाण्यात लावतात, हा समज अर्धाच खरा आहे. कोणत्याही झाडाप्रमाणे धानाच्या मुळांनाही प्राणवायू लागतो आणि चिखलात तो मिळत नाही. परंतु धानाच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्यांनी बनलेली एक सलग ऊती असते, जिच्यातून पानांकडची हवा खाली मुळांपर्यंत पोहोचते. ही सोय बहुतेक तणांकडे नसते. त्यामुळे बांधीत चार बोटे पाणी साठवून ठेवले की धान तगते आणि तणे गुदमरतात, म्हणजे पाणी हे शेतकऱ्याच्या हातातले सर्वांत जुने तणनाशक आहे. हे पाणी टिकावे म्हणून चिखलणी करतात: भिजलेली जमीन नांगराने, आता बहुधा ट्रॅक्टरने, इतकी घोटतात की वरची माती लोण्यासारखी मऊ होते आणि तिच्याखाली एक घट्ट थर तयार होऊन पाझर कमी होतो. साचलेल्या पाण्याची दुसरी बाजू अलीकडच्या दशकांत पुढे आली आहे, ती अशी की हवा नसलेल्या चिखलात वाढणारे सूक्ष्मजीव मिथेन वायू सोडतात आणि मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या मिथेनमध्ये जगभरच्या भातखाचरांचा वाटा सुमारे आठ ते दहा टक्के धरला जातो. अधूनमधून पाणी काढून बांधी सुकू दिली तर हे प्रमाण बरेच घटते, पण ज्याच्याकडे पुन्हा पाणी भरण्याची खात्री नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा सल्ला पचनी पडत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही.

पेरणीचे दोन मार्ग इथे चालतात. पहिल्या पावसाच्या सुमारास बी थेट बांधीत फेकून पेरणे याला आवत्या म्हणतात. त्यात मजुरी वाचते, पण तण माजते आणि उतारा कमी येतो. दुसरा मार्ग रोवणीचा, म्हणजे एका कोपऱ्यात दाट पेरून पऱ्हे, अर्थात रोपे, वाढवायची आणि ती साधारण तीन ते चार आठवड्यांची झाली की उपटून मोठ्या बांधीत लावायची. रोवणीचे काम बहुतांशी बाया करतात. पऱ्ह्यांची मुळे पाण्यात झटकून माती काढलेली असते, जुड्या बांधीत ठिकठिकाणी फेकून ठेवलेल्या असतात, बायांची रांग कमरेत वाकून एकेक पाऊल मागे सरत जाते आणि डाव्या हातातील जुडीतून दोन-तीन पऱ्हे अंगठ्याने वेगळे करून उजव्या हाताची बोटे ते चिखलात उथळ खोचत राहतात; खोल खोचले तर फुटवे कमी येतात, फार उथळ लागले तर रोप तरंगते. पाऊस लांबला की पऱ्हे वाढून जून होतात आणि अशी रोपे लावल्यास उत्पन्न घटते, म्हणून जुलै महिन्यात एका पावसाची वाट पाहणे हा या भागातला सर्वांत मोठा घोर असतो.

हा घोर हलका करण्यासाठीच झाडीपट्टीत तलावांची व्यवस्था उभी राहिली. गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची परंपरा इथे होती, कोहळी समाजाने तलाव बांधण्यात नाव मिळवले आणि याच जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिल्यामुळे या तलावांना माजी मालगुजारी तलाव आणि बोलण्यात मामा तलाव असे नाव पडले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. मालगुजारी १९५०च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे गेले, गाळ साचत राहिला आणि दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न गावात व कार्यालयांत फिरत राहिला. बाघ नदीच्या खोऱ्यातील सिरपूर, कालीसरार आणि पुजारीटोला या धरणांमुळे काही गावांना कालव्याचे पाणी मिळाले आणि तिथे उन्हाळी धानही घेतले जाऊ लागले. तलाव मात्र केवळ सिंचनाचे साधन नव्हते. त्यांतली मासळी भाताबरोबर पानात येत असे, आणि काठाच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारे जंगली धान, ज्याला देवधान म्हणतात, तेही लोक ओळखून होते. पलीकडे छत्तीसगडात असाच न पेरता उगवणारा पसहर तांदूळ स्त्रिया कमरछठच्या व्रतात खातात, कारण त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतले अन्न वर्ज्य मानले जाते. सारस क्रौंचाची महाराष्ट्रातील उरलीसुरली वस्तीही मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच आहे, आणि माणसाएवढा उंच असणारा हा पक्षी आपले घरटे पुष्कळदा धानाच्या बांधीतच घालतो, ही गोष्ट पीक आणि पाणथळ यांच्यातला संबंध किती जवळचा आहे ते दाखवते.

धानाची ही शेती जगात किती जुनी आहे याविषयी पुरातत्त्वज्ञांचे साधारण एकमत असे की चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी रानटी धान माणसाच्या लागवडीत येऊ लागले. ओरायझा सटायव्हा या शास्त्रीय नावाची ही आशियाई जाती आज जवळजवळ सर्वत्र पिकते. पश्चिम आफ्रिकेत ओरायझा ग्लाबेरिमा ही दुसरी जाती स्वतंत्रपणे लागवडीत आली. आशियाई धानाचे दोन मोठे गट मानतात: आखूड, जाडसर आणि शिजल्यावर चिकटणाऱ्या दाण्याचा जॅपोनिका आणि उष्ण प्रदेशात वाढणारा, बहुधा लांबट दाण्याचा इंडिका. एकाच धान्यापासून इतके वेगळे पदार्थ कसे होतात, याचे उत्तर दाण्यातील स्टार्चमध्ये आहे. स्टार्चचे रेणू दोन प्रकारचे असतात, सरळ साखळीचे ते अमायलोज आणि फांद्या फुटलेले ते अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असले की भात मोकळा फडफडीत होतो आणि थंड झाल्यावर कडक होतो, कमी असले की दाणे एकमेकांना धरून राहतात आणि जवळजवळ नसलेच तर लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये हाताने गोळे करून खातात तसा चिकट भात होतो. जपानी सुशी, दाण्याभोवती दाट सायीसारखा रस सुटलेला इटालियन रिसोत्तो, तळाशी मुद्दाम खरपूस थर धरू दिलेला इराणी भात, मासळी आणि भाज्यांबरोबर शिजणारा सेनेगलचा राष्ट्रीय पदार्थ, ही सगळी या दोन रेणूंच्या प्रमाणावर साधलेली पाककौशल्ये आहेत.

झाडीपट्टीच्या घरांतही हे ज्ञान वेगळ्या रीतीने वापरात आहेच. जुना, म्हणजे निदान वर्षभर ठेवलेला तांदूळ मोकळा शिजतो म्हणून लग्नकार्याच्या पंगतीला तो काढतात, नव्या तांदळाचा चिकट भात मुलांना आणि आजाऱ्यांना मऊ करून देतात, पिठाचे पातळ आयते तव्यावर टाकतात, भिजवून कुटलेल्या तांदळाचे अनारसे दिवाळीला होतात, आणि दाणे भाजून, फुगवून, चेपून मुरमुरे, लाह्या आणि पोहे तयार होतात. तुटलेल्या दाण्याला, म्हणजे कनकीला, श्रीमंतांच्या ताटात जागा नसली तरी तिची पेज, खीर आणि भाकरी पुष्कळ घरांत होते. जोंधळा किंवा बाजरी यांच्यापासून इतक्या तऱ्हा निघत नाहीत. गव्हातून निघतात, पण गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने ज्यांच्या आतड्याला त्रास होतो त्यांना तो चालत नाही, तांदूळ चालतो.

वाणांच्या बाबतीत इथला शेतकरी आधी जमीन पाहतो आणि मग चव. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या बांध्यांत हलके धान, म्हणजे कमी दिवसांत येणारे वाण, आणि खोलगट, ओल धरणाऱ्या बांध्यांत भारी धान, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत उभे राहणारे वाण, अशी वाटणी परंपरेने ठरलेली आहे. हलके धान दिवाळीच्या खर्चाला हाताशी येते आणि भारी धान उत्पन्न जास्त देते. लुचई, दुबराज, चिन्नोर ही जुनी नावे वयस्कांच्या तोंडी अजून आहेत. चिन्नोरचा दाणा बारीक आणि सुवासिक असतो, तो शिजताना वास शेजारच्या घरात जातो. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाचे कायदेशीर नाव, मिळाले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हा बुटका, खताला भरघोस प्रतिसाद देणारा वाण दिला आणि त्यानंतरच्या दशकांत उंच वाढून लोळणाऱ्या जुन्या वाणांची जागा बुटक्या वाणांनी घेतली. उत्पादन वाढले, यात वाद नाही, पण त्या बदलात किती वाण शेतातून गेले याचा अंदाज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे पाहून येतो, जिथे डॉ. रा. ह. रिछारिया यांनी सुरू केलेल्या संग्रहात आज तेवीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. शेतात नांदणारे वैविध्य शीतगृहात जाऊन बसणे हा नफा मानायचा की तोटा, हे ज्याने त्याने ठरवावे.

झाडीपट्टीने मात्र एक वाण प्रयोगशाळेबाहेर घडवला. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचे बी पुढच्या हंगामांत वेगळे पेरले, मिसळ झालेली रोपे उपटून टाकली आणि काही वर्षांत बारीक दाण्याचा, जास्त उताऱ्याचा एक स्थिर वाण हाती आला. त्याला नाव नव्हते. बी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने त्या काळात लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला एचएमटी म्हटले आणि तेच नाव चालले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला, आणि मूळ निवडीचे श्रेय कोणाचे हा वाद दीर्घकाळ चालला. खोब्रागडे यांना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांची नोंद घेतली, पण देशभर विकल्या जाणाऱ्या या तांदळातून त्यांना स्वतःला जवळजवळ काही मिळाले नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

कापणी झाल्यावर धान लगेच बांधून नेत नाहीत. कापलेल्या कडपा, म्हणजे आडव्या ओळी, बांधीतच सुकत ठेवतात, मग भारे बांधून पुंजणे, म्हणजे भाऱ्यांचे ढीग, रचतात आणि सवडीने मळणी करतात. कडपा पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला तर दाण्याला जागीच मोड फुटतात आणि वर्षाची कमाई काळवंडते. मळणीनंतर उरणारे तणस गुरांची बेगमी करते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दंडार हे लोकनाट्य आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात, आणि त्या साऱ्याचा खर्च सरतेशेवटी खळ्यावरूनच निघतो.

धानाचा दाणा उभा चिरून पाहिला तर त्यात चार भाग दिसतात. सर्वांत बाहेर खरखरीत फोल, म्हणजे न खाता येणारे टरफल, जे वजनाने दाण्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके भरते. त्याच्या आत कोंड्याचे तपकिरी पातळ थर. एका टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा अंकुर. आणि उरलेला सगळा पांढरा, स्टार्चने भरलेला गाभा. दाण्यातील बहुतेक तंतू, स्निग्धांश, लोह, जस्त आणि ब गटातील जीवनसत्त्वे कोंड्यात आणि अंकुरात असतात, तर गाभ्यात मुख्यतः ऊर्जा आणि थोडी प्रथिने. सडलेल्या, म्हणजे कोंडा काढलेल्या, १०० ग्रॅम कच्च्या तांदळातून साधारण ३५० किलोकॅलरी ऊर्जा आणि सात ते आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, लोह मात्र एक मिलिग्रॅमही मिळत नाही. उखळात मुसळाने कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा बराच भाग राहत असे, कारण माणसाचा हात थकतो. गिरणी थकत नाही आणि दाणा हवा तितका पांढरा करते.

या पांढरेपणाची किंमत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्नेय आशियाने मोजली. वाफेच्या गिरण्या आल्यानंतर सैन्यात, तुरुंगांत आणि खाणींत बेरीबेरीचा रोग पसरला, ज्यात पाय बधिर होतात, अंगाला सूज येते आणि अखेर हृदय निकामी होते. जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमान हे डच वैद्य जंतूच्या शोधात असताना त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्याच तशा रोगाने लुळ्या पडल्या आणि काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घातला जात होता आणि नव्या आचाऱ्याने तो देणे बंद करताच त्या सुधारल्या. कोंड्यातील ज्या घटकाअभावी हे घडत होते त्याला आज थायमिन किंवा जीवनसत्त्व ब-१ म्हणतात, आणि आयकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलायातील वैद्यांच्या ध्यानात आले की पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांना बेरीबेरी होत होती, तर शेजारी राहणारे तमिळ मजूर तिच्यापासून बहुतांशी सुटत होते. तमिळ मजुरांचा तांदूळ उसना होता.

उसना तांदूळ म्हणजे धान फोलासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला तांदूळ. भिजताना आणि वाफवताना कोंड्यातील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे काही प्रमाणात गाभ्यात उतरतात, गाभा घट्ट होतो, त्यामुळे नंतर कोंडा निघाला तरी सत्त्व सगळे जात नाही आणि गिरणीत दाणे तुटतातही कमी. भारतात ही रीत फार जुनी आहे, तिच्यामागे जीवनसत्त्वांचे ज्ञान असण्याची शक्यता नव्हती, धान टिकावे आणि दाणा अखंड निघावा एवढाच हेतू असणार. पण लाभ झाला तो झालाच. महाराष्ट्रात मात्र उसन्याला मागणी बेताची आहे, कारण त्याचा पिवळसर रंग आणि वेगळा वास इथल्या जिभेला रुचत नाही, आणि गोंदियातील ज्या गिरण्या उसना करतात त्यांचा बराच माल परराज्यांत जातो.

दुसरा प्रश्न ताटातल्या शेजाऱ्याचा. तांदळातील प्रथिने गव्हाच्या तुलनेत गुणवत्तेने सरस असली तरी त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते, आणि डाळींत नेमके तेच विपुल असून गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरणभाताची ही जोडी शेतातही जोडीनेच वाढते. धुऱ्यावर तूर लावतात, आणि धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी, जवस किंवा हरभरा फेकून पेरतात, याला उतेरा म्हणतात. धान निघाले की न नांगरता, न पाणी देता दुसरे पीक उभे राहते आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्रही सोडतात. लाखोळीत प्रथिने २५ टक्क्यांहून अधिक असतात, पण तिच्यात एक विषारी घटकही असतो आणि दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने महिनोन्‌महिने केवळ तिच्यावर राहिलेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणे आहेत, ज्यामुळे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. भिजवून, पहिले पाणी फेकून, भाताबरोबर बेताने खाणाऱ्या घरांत हा त्रास सहसा दिसला नाही, आणि कमी विषाचे सुधारित वाणही आता आहेत. रात्रीचा उरलेला भात पाण्यात ठेवून सकाळी खाण्याची, छत्तीसगडात बासी म्हणून ओळखली जाणारी, पद्धत सीमेच्या अलीकडेही आहे. त्या आंबट पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार होते, लोह शोषले जाण्यास मदत होते, आणि थंड झालेल्या भातातील काही स्टार्च आतड्यात न पचता तंतूसारखे वागते.

साखरेच्या विकाराची भीती सध्या भाताला सर्वाधिक चिकटलेली आहे. अन्न खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने चढते त्याचे माप म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २३५ वाणांची तपासणी केली तेव्हा हा आकडा ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला आढळला, आणि कमी निर्देशांकाच्या गटात झाडीपट्टीत भारी धान म्हणून लावला जाणारा स्वर्णा हा वाणही निघाला. म्हणजे सरसकट तांदळावर आरोप ठेवण्यात अर्थ नाही. दिवसभर चिखलात राबणाऱ्या बाईच्या ताटातला भाताचा ढीग आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या ताटातला तेवढाच ढीग यांचा परिणाम सारखा होणार नाही, हे सांगायला निर्देशांकाचीही गरज नाही.

गोंदिया शहराला राईस सिटी म्हणतात ते तिथल्या गिरण्यांमुळे. या गिरण्यांतून काहीच वाया जात नाही: फोल बॉयलरमध्ये आणि वीटभट्ट्यांत जळते, त्याची राख सिलिकाने समृद्ध असते, कनकी पिठाला, कोंबडीखाद्याला आणि मद्यार्काला जाते, आणि कोंड्यातून खाद्यतेल काढतात. कोंड्यात तेल असल्यानेच एक अडचण उद्भवते: दाण्यापासून सुटताक्षणी त्यातील विकरे तेल फोडू लागतात आणि काही दिवसांत कोंडा खवट होतो, म्हणून तेलाच्या कारखान्याला तो लवकर पोहोचवावा लागतो.

सालेकसा, देवरी अशा आदिवासीबहुल तालुक्यांत आधारभूत भावाने धान घेण्याचे काम आदिवासी विकास महामंडळ सहकारी संस्थांमार्फत करते, उर्वरित भागात मार्केटिंग फेडरेशन. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने साधारण धानाचा भाव क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरवला. दाण्यातील ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त असला तर धान परत येते. घेतलेले धान गिरणीमालकांना भरडाईसाठी देतात आणि त्यांनी प्रत्येक क्विंटलमागे ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उसना तांदूळ सरकारला परत करायचा असतो. या तांदळात अलीकडच्या वर्षांत शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात पोषणवर्धित दाणा मिसळला जाऊ लागला, जो तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ कालवून यंत्रातून दाण्याच्या आकारात दाबून काढलेला असतो. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी ही योजना जाहीर केली आणि २०२४ पर्यंत रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात असा तांदूळ सर्वत्र पोहोचला. रंगाने किंचित वेगळा, धुताना तरंगणारा हा दाणा पाहून प्लास्टिकचा तांदूळ आल्याची अफवा गावोगावी उठली, ती निराधार होती. पण व्यवहाराची उफराटी गत नजरेआड होत नाही: काट्यावर धान घालणाऱ्या कुटुंबाच्या दाण्यावरचा कोंडा तेलाच्या कारखान्यात जातो आणि त्याच कुटुंबाला रेशनमध्ये मिळणाऱ्या पांढऱ्या तांदळात लोह बाहेरून घालावे लागले.

यावर कोंड्यासकट तांदूळच का वाटत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर कोंड्याच्या त्या खवटपणात आहे. गोदामांत महिनोन्‌महिने पडून राहून शेकडो किलोमीटर प्रवास करणाऱ्या तांदळावर कोंडा ठेवला तर तो दुकानात पोहोचेपर्यंत खराब होतो. धान मात्र फोलाच्या आत वर्षभर सुरक्षित राहते. म्हणून अर्धवट सडलेला, लालसर तांदूळ खाणे आज ज्याच्या घरात धानाची कोठी आहे त्यालाच सहज शक्य आहे: महिन्याला लागेल तेवढेच एखादे पोते काढायचे, गावातल्या हलरवर, म्हणजे लहान भरडणी यंत्रावर, एकच हात देऊन आणायचे आणि उरलेले फोलातच राहू द्यायचे. सालेकसा तालुक्यात अशा कोठ्या पुष्कळ घरांत आहेत; हलरवाल्याला दुसरा हात देऊ नको असे सांगणारे थोडे आहेत, कारण पाहुण्याच्या पानात लालसर भात वाढणे अजून गरिबीचे लक्षण समजतात.